उत्तर न येणे म्हणजे बंद पडणे नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे एका वाचकाने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. अनेक संगणकांवर मिळून चालणारी एखादी सेवा मध्येच थांबते, मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा सुरू होते आणि नंतर कळते की तिच्यातला एक संगणक बंद पडला होता. मग शेजारच्या संगणकांना ही गोष्ट समजायला एवढा वेळ का लागावा, वाट पाहण्याची मुदत सरळ एका सेकंदावर आणली तर काय बिघडेल, असा त्या पत्राचा आशय होता. प्रश्न रास्त आहे. अशा यंत्रणा उभारण्याच्या आणि रात्री-अपरात्री सावरण्याच्या कामात माझी वीस वर्षे गेली आहेत. या काळात मी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या नुकसानींचे मूळ बंद पडलेल्या संगणकात नव्हते. चालू असलेला संगणक बंद पडला आहे असे घाईने ठरवून टाकण्यात होते. म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

एका संगणकाला दुसऱ्याची खबर केवळ संदेशांतून मिळते. दुसरा कोणताही मार्ग त्याला नसतो. 'अ' हा संगणक 'ब'कडे ठरावीक अंतराने विचारणा करतो, किंवा 'ब'ने आपण चालू असल्याचा छोटा संदेश, ज्याला आम्ही हार्टबीट म्हणतो, नियमाने पाठवत राहावे असे ठरलेले असते. ठरलेल्या मुदतीत काहीच आले नाही की टाइमआउट झाला असे म्हणतात. त्या क्षणी 'अ'ला खरोखर काय कळलेले असते? 'ब' बंद पडलेला असेल. 'अ'ची विचारणा वाटेतच हरवली असेल. विचारणा पोहोचली, 'ब'ने सांगितलेले कामही पूर्ण केले, पण उत्तर परतीच्या वाटेवर हरवले, असेही असेल. उत्तर हरवलेले नसून एखाद्या राउटरच्या, म्हणजे संदेश पुढे धाडणाऱ्या यंत्राच्या, रांगेत अडकलेले असेल. 'ब' चालू असेल, पण कामाच्या ओझ्यामुळे त्याला उत्तर द्यायला वेळ लागत असेल. आणि सहावी शक्यता, जी अनुभवी माणसेही विसरतात, ती अशी की दोष खुद्द 'अ'मध्ये असेल: त्याचाच प्रोग्राम काही सेकंद गोठला होता, उत्तर वेळेत येऊन त्याच्या दाराशी थांबले होते, आणि भानावर आल्यावर त्याने आलेला संदेश वाचण्याआधी घड्याळ पाहिले. या सहाही परिस्थिती 'अ'च्या बाजूने पाहता तंतोतंत सारख्या दिसतात. टाइमआउटमधून 'अ'ने किती वेळ वाट पाहिली एवढे निश्चित कळते. 'ब'ची स्थिती त्यावरून फक्त ताडता येते.

संदेश पोहोचायला आणि त्यावर प्रक्रिया व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागू शकतो याची पक्की हमी असती, तर गोष्ट वेगळी होती. जाण्यायेण्याचा आणि प्रक्रियेचा मिळून तो कमाल वेळ उलटला की 'ब' बंद आहे हे सिद्धच झाले असते. काही खास बांधलेल्या नियंत्रण-यंत्रणांत, जिथे प्रत्येक संदेशाची वेळ आधीच राखून ठेवलेली असते, अशी हमी मिळू शकते. सामान्य नेटवर्कात ती मिळत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटर अंतराला एका दिशेने ५ मिलिसेकंद लागणार, हा हिशेब पक्का आहे. त्यावर जी भर पडते ती मात्र बेभरवशाची असते. राउटरमधल्या रांगा लांबतात, हरवलेले पॅकेट, म्हणजे संदेशाचा तुकडा, पुन्हा पाठवावे लागते, वापरून झालेली मेमरी मोकळी करण्यासाठी प्रोग्राम स्वतःलाच थांबवून ठेवतो, एखादे आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले जाते, डिस्क लिहिण्याचे काम संपता संपत नाही. यांपैकी प्रत्येक विलंब बहुतेक वेळा काही मिलिसेकंदांचा असतो, कधीकधी काही सेकंदांचा असतो आणि क्वचित मिनिटांवर जातो. याहून अधिक कधीच जाणार नाही अशी रेघ कोणी ओढून देऊ शकत नाही.

या अडचणीला गणिती रूप १९८५ मध्ये मिळाले. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी असे सिद्ध केले की ज्या व्यवस्थेत संदेशांच्या विलंबावर आणि संगणकांच्या गतीवर कोणतीही मर्यादा नाही, तिच्यात सहभागी संगणकांपैकी फक्त एक बंद पडण्याची शक्यता असली तरी, उरलेल्यांना एकाच निर्णयावर हमखास आणून सोडणारी, नाणेफेकीसारख्या योगायोगाचा आधार न घेणारी अशी कोणतीही कार्यपद्धती असू शकत नाही. मुळाशी तीच गोष्ट आहे: मंदावलेला संगणक आणि बंद पडलेला संगणक यांच्यात बाहेरून फरक करता येत नाही, त्यामुळे वाट पाहत राहावे तर निर्णय लांबतो आणि पुढे जावे तर मागे राहिलेला संगणक उलट मत घेऊन परत येऊ शकतो. या सिद्धांताचा अर्थ कित्येक जण असा लावतात की अशा यंत्रणा बांधणेच अशक्य आहे. तो अर्थ चुकीचा आहे. प्रत्येक संभाव्य प्रसंगी निर्णय होईलच अशी हमी देता येत नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. १९८८ मध्ये सिंथिया ड्वर्क, लिंच आणि लॅरी स्टॉकमेयर यांनी दाखवून दिले की नेटवर्क केव्हा तरी सुरळीत वागू लागेल, ते केव्हा हे आधी ठाऊक नसले तरी चालेल, इतके गृहीत धरले तरी मार्ग निघतो.

मला स्वतःला या विषयातले सर्वांत मोलाचे काम वाटते ते तुषार चंद्रा आणि सॅम टूएग यांचे, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेले. त्यांनी बिघाड ओळखणारी यंत्रणा चुकणारच हे उघडपणे मान्य केले आणि मग विचारले की ती किती चुकली तर चालेल. त्यांनी तिच्याकडून दोन अपेक्षा ठेवल्या. पहिली, खरोखर बंद पडलेल्या संगणकावर कधी ना कधी कायमचा संशय घेतला गेला पाहिजे. दुसरी, चालू संगणकावर खोटा संशय घेतला जाऊ नये. पण ही दुसरी अपेक्षा त्यांनी पायरीपायरीने सैल करत नेली. शेवटी हाती आले ते असे: निम्म्याहून अधिक संगणक चालू असतील, आणि एका क्षणानंतर निदान एका चालू संगणकावर तरी कोणी संशय घेत नसेल, तर एकमत साधता येते. त्याआधी कितीही वेळा, कोणावरही, कसाही खोटा संशय घेतला गेला असला तरी निकाल चुकत नाही, फक्त लांबतो. या शोधनिबंधात बिघाडाची खात्री असा शब्दप्रयोग न करता संशय हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, आणि त्या एका शब्दात माझ्या या पत्राचा सारा आग्रह सामावलेला आहे.

कारण यातून रचनेचा एक नियम निघतो. घड्याळावर निर्णयाचा वेग अवलंबून ठेवावा, निर्णयाची शुद्धता अवलंबून ठेवू नये. डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या रॅफ्ट या पद्धतीत हे स्वच्छ दिसते. तिच्यात एक संगणक नेता असतो आणि तो इतरांना हार्टबीट पाठवत राहतो. काही काळ हार्टबीट आले नाही की दुसरा एखादा उमेदवार म्हणून पुढे येतो. ही मुदत उदाहरणादाखल १५० ते ३०० मिलिसेकंदांच्या दरम्यान प्रत्येकाने आपापली यदृच्छया निवडायची असते, म्हणजे सगळेच एका क्षणी उमेदवार होऊन मते विभागली जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मात्र मुदत संपली म्हणून कोणी आपोआप नेता होत नाही. त्याला बहुमत मिळवावे लागते, पाच संगणक असतील तर तिघांचे. आणि पाचांतून तिघांचे कोणतेही दोन गट काढले तरी त्यांच्यात निदान एक संगणक सामाईक असतोच आणि तो एका कार्यकाळात एकदाच मत देतो, त्यामुळे एकाच कार्यकाळात दोन नेते निवडले जाणे शक्य राहत नाही. मुदत फारच तोकडी ठेवली तर निवडणुकामागून निवडणुका होतील आणि काम खोळंबेल, पण नोंदी बिघडणार नाहीत. ज्या यंत्रणेत मुदत चुकल्यावर नोंदीच बिघडतात, तिथे मुदत किती असावी हा वाद घालण्याआधी रचना बदलायला हवी.

आता मुदत किती असावी याकडे येतो. याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण इंटरनेटच्या पोटातच आहे. टीसीपी या नियमावलीनुसार पाठवलेल्या पॅकेटची पोच ठरावीक वेळात आली नाही तर ते हरवले असे धरून पुन्हा पाठवले जाते. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरचा, माहितीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये याचे जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात एक महत्त्वाचे कारण असे होते की गर्दीमुळे उशीर होत असलेली पॅकेटे हरवली असे समजून संगणक ती पुन्हा पाठवत होते, त्यामुळे गर्दी वाढत होती आणि वाढलेल्या गर्दीमुळे आणखी पॅकेटे हरवल्यासारखी दिसत होती. तोवर मुदत काढताना जाण्यायेण्याच्या सरासरी वेळेला एका ठरावीक गुणकाने गुणत असत. जेकबसन यांनी सरासरीसोबत वेळ किती वरखाली होते हेही मोजायला लावले. सरासरीत त्या चढउताराची चौपट मिळवायची, ही आज रूढ असलेली रीत तिथून आली. सरासरी ८० मिलिसेकंद आणि चढउतार ५ असेल तर मुदत १०० येते. सरासरी तीच राहून चढउतार ६० झाला तर ३२० येते. दोन्ही जोडण्यांची सरासरी एकच असताना त्यांना एकच मुदत लावणे किती चुकीचे ठरले असते, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय दर अपयशानंतर मुदत दुप्पट करायची, म्हणजे गर्दीत आपली भर पडत नाही. आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची पोच आली तर ती वेळ सरासरीत धरायचीच नाही, कारण ती पोच पहिल्या प्रतीची की दुसऱ्या हे कळत नाही. हा बारकावा फिल कार्न यांच्या नावाने ओळखला जातो.

हीच टीसीपी, जोडणी कायमची तुटली हे मान्य करायला मात्र फार वेळ घेते. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या मूळ मांडणीत पाठवलेल्या माहितीची पोच येत नसेल तर १५ वेळा पुन्हा प्रयत्न होतात आणि त्यात १५ मिनिटांहून थोडा अधिक काळ जातो. जोडणी नुसतीच पडून असेल, तिच्यावर काही पाठवायचे नसेल आणि नियमित चौकशीची सोय चालू केलेली असेल, तर पहिली चौकशी ७२०० सेकंदांनी होते, आणि ती धरून ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ चौकशा होतात. म्हणजे पलीकडचा संगणक गेला हे २ तास ११ मिनिटांनी कळते. पत्रलेखक वाचकांना जो उशीर खटकला त्याचे एक कारण पुष्कळदा इतके साधे असते: आपली मुदत कोणी ठरवलेलीच नसते आणि मुळात असलेली लागू झालेली असते. तिथे त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

पण मुदत सरसकट आखूड करण्याचा उपाय मी करून पाहिला आहे. एका संस्थेत, जिचे नाव देण्याचे कारण नाही, मुख्य डेटाबेस आणि त्याची जागा घेणारा राखीव डेटाबेस अशी जोडी होती. मुख्य संगणकाचे हार्टबीट किती वेळ न आल्यास राखीव संगणकाने सूत्रे घ्यावीत, ती मुदत मी १० सेकंदांवरून ३ वर आणली. काही आठवडे सर्व ठीक चालले. मग एका रात्री मोठा बॅकअप सुरू झाला, डिस्कवर ताण आला, आणि हार्टबीट पाठवणारा प्रोग्राम आपल्या लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, एक ओळ लिहिण्यासाठी डिस्कची वाट पाहत चार-पाच सेकंद अडकला. राखीव संगणकाने सूत्रे घेतली. मुख्य संगणक बंद पडलेलाच नव्हता. मोकळा होताच त्यानेही पूर्ववत काम सुरू केले. सुमारे अकरा मिनिटे दोन्ही संगणक आपणच मुख्य आहोत असे समजून नव्या नोंदी स्वीकारत होते. त्या अकरा मिनिटांतल्या नोंदी एकमेकींशी जुळवायला आम्हा चौघांना सहा दिवस लागले, आणि काही नोंदींपैकी कोणती खरी धरावी हे अखेर त्या त्या माणसाला विचारूनच ठरवावे लागले. दहा सेकंदांची मुदत ठेवली असती तर ती रात्र टळली असती, पण बारा सेकंदांची अडचण कधीतरी आलीच असती. खरी चूक अशी होती की जुन्या संगणकाचे लिहिणे बंद झाले आहे याची खात्री न करता नव्याला लिहायला परवानगी मिळत होती.

याच जातीचा पण कितीतरी मोठा प्रसंग सार्वजनिक नोंदींत आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रोग्रामचा मजकूर साठवणाऱ्या गिटहब या सेवेच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरचा तिथल्याच नेटवर्क केंद्राशी असलेला संपर्क, प्रकाशतंतूंच्या उपकरणाच्या नेहमीच्या देखभालीदरम्यान, ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात डेटाबेसवर देखरेख करणाऱ्या प्रणालीच्या उरलेल्या भागांनी बहुमत जमवून मुख्य डेटाबेसची जबाबदारी पश्चिम किनाऱ्यावर हलवली. संपर्क परत आला तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या ज्या पश्चिमेला पोहोचलेल्या नव्हत्या, आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. शिवाय पूर्वेकडील प्रोग्रामना देशाच्या दुसऱ्या टोकाच्या डेटाबेसपर्यंतचा विलंब सोसवेना. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. गिटहबने हा सारा तपशील स्वतः प्रसिद्ध केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. त्यानंतर त्यांनी जाहीर केलेल्या उपायांत मुख्य डेटाबेसची जबाबदारी आपोआप एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाऊ द्यायची नाही, हा एक होता. बहुमताचा नियम तिथे पाळला गेला होता. पण बहुमताने घेतलेला निर्णय अमलात आणण्याची किंमत त्या ४३ सेकंदांच्या अडचणीपेक्षा कितीतरी जास्त निघाली.

खोट्या संशयाचे आणखी एक लक्षण असे की तो साथीसारखा पसरतो. संगणक ओझ्यामुळे मंदावतो, मंदावला म्हणून बाद ठरतो, त्याचे ओझे उरलेल्यांवर पडते, त्यामुळे तेही मंदावतात. २० सप्टेंबर २०१५ रोजी ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या सेवेत जवळपास असेच घडले. नेटवर्कमधल्या अल्पशा व्यत्ययानंतर साठवणुकीच्या अनेक सर्व्हरांनी आपल्याकडे कोणत्या माहितीची जबाबदारी आहे याची एकाच वेळी चौकशी केली. ती यादी पूर्वीपेक्षा बरीच मोठी झालेली असल्याने उत्तर ठरलेल्या मुदतीत येईना. उत्तर आले नाही म्हणून सर्व्हरांनी स्वतःच माघार घेतली आणि पुन्हा चौकशी सुरू ठेवली. आणि या चौकश्यांच्या माऱ्याखाली यादी देणारी सेवा इतकी दबली की तिची क्षमता वाढवण्यासाठीसुद्धा आधी त्या चौकश्या थांबवाव्या लागल्या. पुढच्या उपायांमध्ये अशा चौकश्यांचे प्रमाण कमी करणे आणि त्यांची मुदत वाढवणे यांचा समावेश होता. पुन्हा प्रयत्न करण्याची सवय एकावर एक असलेल्या थरांत किती घातक ठरते, हे साध्या गुणाकाराने कळते: एका विनंतीच्या मार्गात तीन थर असतील आणि प्रत्येक थर तीन वेळा प्रयत्न करत असेल, तर सर्वांत खालच्या, आधीच थकलेल्या संगणकावर एका विनंतीच्या २७ विनंत्या जाऊन आदळतात. आणि ज्या विनंतीमुळे काही बदलते, उदाहरणार्थ पैसे पाठवण्याची विनंती, तिला वेगळा अनुक्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम दुसऱ्यांदा न करण्याची सोय नसेल, तर टाइमआउटनंतर ती पुन्हा पाठवणे हा निव्वळ जुगार आहे.

या शतकात संशय अधिक शहाणपणाने कसा घ्यावा यावर चांगले काम झाले आहे. २००४ मध्ये नाओहिरो हायाशिबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की यंत्रणेने चालू किंवा बंद असे दोनच शब्द बोलण्याऐवजी संशयाचा अंक सांगावा. पूर्वीची हार्टबीट कोणत्या अंतराने येत होती ते पाहून, आता झालेला उशीर केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता किती, हे काढले जाते: अंक १ असेल तर ती दहांत एक, २ असेल तर शंभरात एक, ३ असेल तर हजारात एक. कॅसान्ड्रा या डेटाबेसमध्ये बाद ठरवण्याचा अंक मुळात ८ ठेवलेला आहे, म्हणजे गणिताने दहा कोटींत एक. प्रत्यक्षातले विलंब गणितातल्या वक्राला मानत नाहीत, त्यामुळे हा आकडा शब्दशः घेऊ नये. दुसरी कल्पना २००२ च्या स्विम या पद्धतीतली आहे आणि ती मला फार आवडते. हजार संगणकांपैकी प्रत्येकाने प्रत्येकाला हार्टबीट पाठवायचे म्हटले तर एका फेरीत ९,९९,००० संदेश होतात. स्विममध्ये प्रत्येक जण एका फेरीत कोणत्या तरी एकाचीच चौकशी करतो. उत्तर आले नाही तर तो निकाल देत नाही. आणखी काही संगणकांना सांगतो की तुम्ही त्याला विचारून पाहा. वाट फक्त आपलीच खराब असेल तर दुसऱ्या वाटेने उत्तर येते. तरीही आले नाही तर त्याला संशयित म्हणून जाहीर केले जाते आणि आपण चालू आहोत हे सांगायला त्याला अवधी दिला जातो.

एवढे करूनही चुकीचा निकाल कधीतरी लागणारच, म्हणून त्याचे परिणाम बांधून ठेवावे लागतात. कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये मांडलेली भाडेपट्ट्याची कल्पना इथे उपयोगी पडते. अधिकार कायमचा न देता ठरावीक काळापुरता द्यायचा. नूतनीकरण झाले नाही तर अधिकार असलेल्याने स्वतःहून थांबायचे, आणि इतरांनी तो काळ पुरता उलटल्याशिवाय तो अधिकार दुसऱ्याला द्यायचा नाही. दोन्ही बाजूंची घड्याळे एकच वेळ दाखवत नसली तरी चालते, फक्त ती साधारण एकाच गतीने चालली पाहिजेत. त्यासाठी वाट पाहण्याची मोजणी नेहमी पुढेच जाणाऱ्या अंतर्गत घड्याळावर करावी, तारीख-वेळेच्या घड्याळावर नव्हे, कारण ते कोणीही मागेपुढे करू शकते. पण पट्टा अजून चालू आहे हे तपासून झाल्यावर आणि प्रत्यक्ष लिहिण्याआधी प्रोग्राम गोठला, तर पट्टाही वाचवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक नव्या अधिकाराबरोबर चढता क्रमांक द्यावा आणि साठवणूक करणाऱ्या संगणकाने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाहून लहान क्रमांकाने आलेली नोंद नाकारावी. माझ्या त्या अकरा मिनिटांच्या प्रसंगात एवढी एक तपासणी असती तर एकही नोंद बिघडली नसती. अशी तपासणी शक्य नसेल तर जुन्या संगणकाची वीज तोडून मगच नव्याला काम देणे हा जुना, कठोर आणि खात्रीचा मार्ग आहे.

उलट दिशेची चूकही सांगितली पाहिजे, कारण तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हार्टबीट व्यवस्थित येत असते आणि काम मात्र होत नसते. हार्टबीट पाठवणारा प्रोग्राम वेगळा, काम करणारा वेगळा. पहिला ठणठणीत आणि दुसरा भरून वाहणाऱ्या डिस्कपाशी अडलेला, अशी अवस्था तासन्‌तास राहू शकते. मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०१७ मध्ये अशा बिघाडांना ग्रे फेल्युअर हे नाव दिले आणि त्यांचे मर्म नेमके पकडले: देखरेख करणाऱ्याला सगळे ठीक दिसते आणि सेवा वापरणाऱ्याला दिसत नाही. म्हणून चौकशी शक्यतो खऱ्या कामाच्याच वाटेने जावी. त्यातही तारतम्य हवे. दहा संगणकांची प्रत्येक चौकशी एकाच डेटाबेसपर्यंत जात असेल, तर तो डेटाबेस क्षणभर अडखळला की दहाही संगणक एकदम बाद ठरतात.

त्या वाचकांच्या प्रश्नाला माझे थेट उत्तर असे आहे. एक सेकंद, प्रसंगी त्याहूनही कमी, मुदत जरूर ठेवावी, पण ज्या कृतीत चूक झाली तरी नुकसान नाही तिच्यासाठी: तीच माहिती तिची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडून मागणे, नव्या विनंत्या काही काळ दुसरीकडे वळवणे, देखरेख करणाऱ्या माणसाला सूचना देणे. मालकी बदलणे, नवा नेता नेमणे, माहितीच्या प्रती नव्याने तयार करायला घेणे यांसाठी मुदत लांब असावी, एकाहून अधिक साक्षीदार असावेत आणि बाद ठरलेल्याचे हात आधी बांधलेले असावेत. एकाच संगणकाबाबत या दोन मुदती वेगवेगळ्या असण्यात काहीही विसंगती नाही, आणि बहुतेक ठिकाणी ती एकच असते हे मला दुर्दैवाचे वाटते.

आपल्या दैनिकाला एक विनंती करतो. अशा व्यत्ययाची बातमी देताना, संगणक प्रत्यक्ष बंद पडल्याची खातरजमा झालेली नसेल तर 'सर्व्हर बंद पडला' असे न लिहिता 'सर्व्हरकडून प्रतिसाद मिळत नव्हता' असे लिहावे. आणि सेवा चालवणाऱ्यांकडे खुलासा मागताना दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: संगणक बाद ठरवण्याआधी यंत्रणा किती वेळ थांबली होती आणि किती जणांची साक्ष घेतली होती, आणि बाद ठरवलेला संगणक त्यानंतर काही लिहू शकत होता का.

आपला विश्वासू,
एक संगणक अभियंता व नियमित वाचक